समान भाषा आणि जुनी यंत्रे

यंत्र धडधाकट असूनही नव्या संगणकप्रणालीसाठी कंपनीने ‘ड्रायव्हर’ लिहिला नाही, म्हणून प्रिंटर अडगळीत जावा, हा ग्राहकावरील अन्यायच होय. प्रत्येक प्रणालीगणिक निराळा दुभाषा, ही रीतच त्याचे मूळ. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘इंटरनेट प्रिंटिंग प्रोटोकॉल’ने समान भाषेचा पाया घातला, २०१० मधील ॲपलच्या ‘एअरप्रिंट’ने आणि २०१३ मधील ‘आयपीपी एव्हरीव्हेअर’ या मानकाने नव्या यंत्रांपुरती दुभाष्याची गरजच संपविली. २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टनेही विंडोजवरील कंपन्यांच्या ड्रायव्हरांची सेवा टप्प्याटप्प्याने आटोपती घेण्याचे जाहीर केले.

हे स्वागतार्ह असले, तरी ही भाषा न जाणणाऱ्या जुन्या यंत्रांचे काय? ‘ओपनप्रिंटिंग’सारखे मुक्त उपक्रम त्यांच्यासाठी सेतू बांधीत आहेत. त्या कामाचा भार कंपन्यांनीही उचलला पाहिजे. अन्यथा सोय नव्यांची आणि भुर्दंड जुन्यांना, असेच व्हावयाचे.