टॉयलेटला नाकं मुरडू नका!

मॉलमधल्या परफ्यूम काउंटरवर हमखास दिसणारा सीन. चकाचक बाटली, मनगटावर एक स्प्रे, वास एकदम झक्कास! मग नजर लेबलवर जाते. 'ओ द टॉयलेट'?! ग्रुपमध्ये खसखस पिकते आणि बाटली गुपचूप शेल्फवर परत.

मंडळी, थांबा. पहिली गोष्ट, उच्चार 'ओ द त्वालेत'. दुसरी, यात हसण्यासारखं काहीच नाही. फ्रेंचमध्ये 'त्वाल' म्हणजे कापड आणि 'त्वालेत' म्हणजे छोटंसं कापड. ते ड्रेसिंग टेबलवर अंथरलं जायचं. मग त्यावरच्या कंगवे-पावडरींना तेच नाव पडलं, पुढे नटण्यामुरडण्यालाही! अलेक्झांडर पोपच्या १७१४ सालच्या 'द रेप ऑफ द लॉक'मधलं 'टॉयलेट' म्हणजे नायिकेचं ड्रेसिंग टेबल. आवरायच्या खोलीवरून हा शब्द संडासापर्यंत घसरला तो बराच नंतर.

आणि इंग्रजांना हसायचं तर आपणही कमी नाही हं! 'प्रसाधन' म्हणजे साजशृंगार, म्हणून लिपस्टिक हे सौंदर्यप्रसाधन. पण ऑफिसच्या कॉरिडॉरमध्ये 'प्रसाधनगृह' अशी पाटी दिसली, की आत कुणी शृंगाराला जातं का? नाव सभ्य हवं म्हणून दोन्ही भाषांनी नेमका नटण्याचाच शब्द उचलला.

आता खिशाचा मामला. 'ओ द त्वालेत'मध्ये सुगंधी अर्क साधारण ५ ते १५ टक्के, 'ओ द पार्फम'मध्ये साधारण १५ ते २०. पहिलं हलकं, काही तासांत उडणारं. दुसरं जास्त टिकणारं आणि बहुतेक वेळा महाग. एसी केबिनमध्ये शेजाऱ्याचं डोकं उठवायचं नसेल, तर रोजच्यासाठी पहिलंच बेस्ट!

तोच फंडा साबणाचा. रॅपरवर 'टॉयलेट सोप' दिसलं तर खूश व्हा. भारतीय मानकानुसार त्यात टीएफएम, म्हणजे साबणातला स्निग्धांश, ग्रेड १ साठी किमान ७६ टक्के लागतो, ग्रेड २ साठी ७० आणि ग्रेड ३ साठी ६०. 'बेदिंग बार' ही वेगळी कॅटेगरी, तिथे ४० टक्क्यांवरही भागतं. नाव ऐकायला गोड, पण माल निम्मा!

तेव्हा पुढच्या शॉपिंगला वेष्टनावरची मॉडेल नंतर बघा, आधी मागची बारीक अक्षरं वाचा. 'टॉयलेट' लिहिलंय म्हणून लाजू नका. लिहिलं नसेल, तर मात्र जरा चौकशी करा!