शेजारणीच्या शंका : रोजा, जकात आणि मेहेर

रमजानच्या आगेमागे या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा गठ्ठा जाड होतो. नेहमीच्या शंका तर असतातच, पण यंदा दोन पत्रं अशी आहेत की त्यांना आधी उत्तर द्यायला हवं. एक सुरुवातीला घेते, दुसरं शेवटी. भगिनींनो, मी मौलवी नाही हे पुन्हा एकदा सांगते. आकुर्डीत राहणारी, बी. ए. झालेली, अर्धा दिवस शाळेत मराठी शिकवणारी आणि उरलेला दिवस स्वयंपाकघरात काढणारी मुसलमान बाई आहे. घरात जे पाळतो आणि पुस्तकांतून जे वाचलं, तेवढंच सांगते.

निगडीच्या एक भगिनी लिहितात : “आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये मुस्लिम कुटुंब आहे. नवरा चाकणला कंपनीत, शिफ्ट ड्यूटी. बायकोला आठवा महिना आहे आणि ती रोजे धरते. परवा जिन्यात बसलेली दिसली, चेहरा पांढराफटक. पाणी देऊ का म्हटलं तर नको म्हणाली. काही सांगायला जावं तर त्यांच्या धर्मात नाक खुपसल्यासारखं होईल. मी काय करू?”

बोला, आणि लवकर बोला.

रोजा म्हणजे आपल्याकडच्या साबुदाण्याच्या उपासासारखा नाही, निर्जळी हरतालिकेच्या जवळचा. पहाट फुटायच्या आधी सहेरी खायची आणि मग सूर्य मावळेपर्यंत पाण्याचा थेंबही नाही. पुण्याच्या बाजूला रमजान थंडीत आला तर हे सव्वाबारा तास होतात, जूनमध्ये आला तर साडेचौदा. पण ज्या कुराणात रोजे सांगितले आहेत, त्याच ठिकाणी, दुसऱ्या अध्यायात, सूटही सांगितली आहे. आजारी माणसाने आणि प्रवाशाने ते दिवस सोडावेत, नंतर दुसऱ्या दिवसांत भरून काढावेत. सोय व्हावी, अडचण होऊ नये असा हेतूही तिथेच दिला आहे. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईला स्वतःच्या किंवा बाळाच्या जिवाची काळजी वाटत असेल तर तिलाही ही सूट आहे. याबद्दल उलेमांमध्ये वाद नाही. सुटलेले रोजे नंतर धरायचे, त्याला कजा म्हणतात.

मग बायका सूट का घेत नाहीत? माझंच सांगते. थोरल्याच्या वेळी मला सातवा महिना होता. घरात सगळे रोजे धरत होते आणि मी एकटीने ताट वाढून घ्यायचं, याचीच लाज वाटे. कुणी धर म्हटलं नव्हतं आणि कुणी धरू नको असंही म्हटलं नव्हतं. अकराव्या दिवशी वर्गात फळ्यावर लिहिता लिहिता डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी खाली बसले. मुलींनी शेजारच्या वर्गावरच्या बाईंना बोलावलं, त्यांनी काही न विचारता ग्लास तोंडाला लावला. मी प्यायले. घरी येऊन रडत सासूबाईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, “अगं, मला विचारलं असतंस तर पहिल्याच दिवशी नको म्हणाले असते. मला वाटलं, डॉक्टरांनी परवानगी दिलीय.” मी त्यांच्या भीतीने धरत होते आणि त्या माझ्या हौसेला आड येत नव्हत्या! पुढच्या वर्षी डिसेंबरातल्या लहान दिवसांत मी ते रोजे भरून काढले. सोबत म्हणून सासूबाईही धरत.

तेव्हा निगडीच्या ताईंनी “रोजा वाईट, सोडून दे” असं म्हणू नये. “तुमच्यात या दिवसांत सूट असते म्हणे, डॉक्टरांना विचारलंत का?” एवढंच विचारावं. घरात वडीलधारी बाई असेल तर तिच्यादेखत विचारावं, म्हणजे सुनेवरचं ओझं उतरतं. आणि बाळाची हालचाल कमी वाटली, चक्कर आली, डोकं फार दुखलं, लघवी कमी किंवा गडद झाली, तर संध्याकाळची वाट न पाहता पाणी प्यावं आणि दवाखाना गाठावा. गरोदरपणात साखर वाढलेली असेल त्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय धरूच नये.

याच ओघात भोसरीच्या एका मुलीचा प्रश्न : पाळीत रोजा का नसतो, विटाळ मानतात का? पाळीत आणि बाळंतपणानंतर रक्तस्राव चालू असेपर्यंत नमाज आणि रोजा दोन्ही नाहीत. रोजे नंतर भरायचे, नमाज भरायची नाही. पण बाजूला बसणं, स्वयंपाकाला हात न लावणं यातलं काही नाही. ती रांधते, वाढते, सगळ्यांत जेवते. म्हणजे जेवायला हरकत नाही, पण होतं काय, की सासरे-दीर यांच्यापुढे कसं खायचं म्हणून मुली सहेरीला उठून रोजा असल्याचं दाखवतात आणि दुपारी मोरीच्या दाराआड उभ्याने पोळी गिळतात. धर्माने सोडलं तरी संकोच सोडत नाही! सासूबाईंनीच मनावर घेतलं तर हे मिटेल.

रोजा असताना आमटीचं मीठ कसं कळतं, हा चिंचवडचा प्रश्न मला फार आवडला. जिभेच्या टोकाला लावून थुंकून टाकलं तर रोजा मोडत नाही, पण विनाकारण करू नये. कारण कोणतं चालतं? हनफी पंथाच्या जुन्या ग्रंथांत चक्क लिहिलंय की नवरा जेवणावरून चिडणारा असेल तर चाखायला हरकत नाही. शेकडो वर्षांपूर्वीच्या त्या पंडितांच्या घरी काय चालत असेल, देव जाणे.

रमजान दर वर्षी सरकतो कसा? चांद्रवर्ष सुमारे ३५४ दिवसांचं. आपल्या पंचांगात अधिक महिना घालून सांधा जुळवतात, म्हणून दिवाळी थंडीच्या तोंडाशीच येते. हिजरी वर्षात अधिक महिना नाही, त्यामुळे रमजान दहा-अकरा दिवसांनी मागे येत येत सुमारे तेहतीस वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. २०१६ साली तो जूनमध्ये सुरू झाला होता, २०२५ साली मार्चमध्ये. २०३० साली तर जानेवारीत एकदा आणि डिसेंबरअखेर पुन्हा एकदा सुरू होईल.

शिरखुर्म्यात मटण असतं का, असं तिघींनी विचारलंय. नसतं हो! दूध, शेवया, खारीक, चारोळी, काजू-बदाम, तूप, साखर. बिनधास्त वाटी पुढे करा.

देहूच्या बाईंची शंका दर्ग्याबद्दल आहे. तुकोबांची पालखी देहूतून निघाल्यावर पहिला विसावा अनगडशहा बाबांच्या दर्ग्यापाशी घेते आणि तिथे अभंग-आरती होते, हे त्यांनी लहानपणापासून पाहिलंय. मग मुसलमान दर्ग्याची पूजा करतात का? पूजा एका अल्लाची, दुसऱ्या कुणाची नाही, हा इस्लामचा पायाच आहे. दर्ग्यावर जाऊन फातिहा वाचणं आपल्याकडे घरोघर चालतं. मात्र तिथे गाऱ्हाणं घालून पिराकडेच मागणं बऱ्याच मौलवींना मान्य नाही. त्यावरून आमच्यात वाद होतात. माझ्या माहेरी आणि सासरीच याबाबत दोन मतं आहेत.

जकातीबद्दल थोडं सविस्तर. पिंपरी-चिंचवडकरांना जकात म्हटलं की नाक्यावरच्या ट्रकच्या रांगा आठवतात. महापालिकेची ती जकात २०१३ साली बंद झाली. शब्द मूळचा तोच. आमची जकात म्हणजे वर्षभर साठून राहिलेल्या धनाचा चाळिसावा भाग गरिबांना, कर्जात बुडालेल्यांना द्यायचा. दहा हजारांवर अडीचशे. साडेसात तोळे सोनं किंवा साडेबावन्न तोळे चांदी एवढी ऐपत असेल त्यालाच ती लागू होते. हा तोळा जुना, सुमारे ११.६६ ग्रॅमचा, सराफाचा हल्लीचा दहा ग्रॅमचा नव्हे. आई-वडिलांना आणि मुलांना जकात देता येत नाही, कारण त्यांना पोसणं हे कर्तव्यच आहे. गरजू भावाबहिणीला देता येते. अंगावरच्या दागिन्यांवर हनफी घरांत जकात धरतात. कोकणी मुसलमान बहुतेक शाफई, त्यांच्यात नेहमी वापरायच्या दागिन्यांवर धरत नाहीत. यातली खरी मेख अशी की बाईचं सोनं बाईचं, त्याचा हिशेबही तिचा. नवऱ्याने हिशेब करायचा म्हणून डबा मागितला तर कागद-पेन्सिल द्यावी, डबा नाही.

आता दुसरं पत्र. चाकणजवळच्या एका गावातून आलंय, नाव-पत्ता छापत नाही. “लग्नाला आठ महिने झाले. पहिल्याच रात्री यांनी ‘मेहेर माफ कर, सगळ्याच करतात’ म्हणून सांगितलं. मी मान हलवली. आता माझा हक्क गेला का?”

ताई, मेहेर म्हणजे हुंडा नव्हे, उलट नवऱ्याने बायकोला द्यायची रक्कम. ती तुझी, तुझ्या वडिलांचीसुद्धा नाही. कुराणाच्या चौथ्या अध्यायात सांगितलंय की बायकांना त्यांचा मेहेर राजीखुशीने द्या, आणि त्यांनी आपल्या मनाने त्यातलं काही सोडलं तर ते खुशाल घ्या. सगळा भर ‘आपल्या मनाने’ यावर आहे. नव्या नवरीने अनोळखी घरात लाजेने हलवलेल्या मानेला राजीखुशी कसं म्हणायचं? आपल्याकडची कोर्टंही माफी मनापासून होती की दडपणाखाली, हे पाहतात. न दिलेला मेहेर नवऱ्यावरचं कर्ज असतं. तो वारला तर वाटण्या व्हायच्या आधी हे कर्ज फेडायचं, आणि विधवेचा वारसाहिस्सा त्याहून वेगळा. मयताच्या उशाशी बसवून बाईकडून “माफ केला” वदवून घेतात, तेही मला पटत नाही.

तू एवढं कर. निकाहनाम्याची प्रत मागून घे. मेहेर किती, रोख की उधार, ते वाच आणि प्रत आपल्या पेटीत ठेव. मग चांगली वेळ बघून, भांडण न काढता, “मी तेव्हा समजून बोलले नव्हते” असं त्यांना सांग. हप्त्याहप्त्याने दिला तरी चालतो. कागदावर वसूल झाला असं लिहिलं असेल तर आधी वकिलाला दाखव.

ज्यांच्या मुलींची लग्नं ठरायची आहेत त्यांनी मेहेर सोन्याच्या वजनात लिहून घ्यावा. माझ्या आईचा १९८५ साली पाचशे एक रुपये लिहिलाय. तेव्हा त्यात जवळपास पाव तोळा आला असता, आज गुंजभर सोनं येत नाही. आणि तेसुद्धा वडिलांनी अजून दिलेले नाहीत. आई म्हणते, राहू दे, धाकात ठेवायला बरे पडतात.

तलाक आणि २०१९ चा कायदा यांवरची पत्रं पुढच्या अंकासाठी राखून ठेवली आहेत. ज्यांना नाव छापायचं नसेल त्यांनी तसं पाकिटावर नाही, आतल्या कागदावर लिहावं.