कुळाची नव्हे, कामाची ओळख

नोकरीच्या अर्जाला जोडायच्या कागदाला आपल्याकडे आजही ‘बायोडेटा’ म्हणतात. लग्नासाठी नातेवाइकांत फिरतो तोही बायोडेटाच. नाव एक, म्हणून मजकूरही एक झाला. सायबर कॅफेत टाइप केलेला असा कुठलाही कागद पाहा: वडिलांचं पूर्ण नाव, जन्मतारीख, धर्म, जात, विवाहित की अविवाहित, छंद वाचन आणि क्रिकेट, तळाशी ‘वरील माहिती खरी आहे’ अशी ग्वाही. उमेदवार कुणाचा कोण हे कळतं. त्यानं आजवर काय केलं, ते कळत नाही. माझं म्हणणं असं की रेझ्युमे हा केलेल्या कामाचा पुरावा असतो, आणि पहिल्या नोकरीसाठी निघालेल्यालाही तो देता येतो. यावरचे आक्षेप आधी तपासू.

पहिला आक्षेप संकोचाचा. ‘आपल्या तोंडानं आपलं कौतुक कसं करायचं?’ यासाठी दासबोधाचा आधार दिला जातो. मूर्खलक्षणांत समर्थांनी आत्मस्तुती करणाऱ्याला मूर्ख म्हटलं आहे. पण त्याच ओवीत वडिलांची कीर्ती सांगत बसणाराही मूर्खच ठरवला आहे, हे कुणी सांगत नाही. शिवाय स्तुती राहते विशेषणांत. ‘मी मेहनती, जिद्दी, प्रामाणिक’ ही स्तुती. ‘सहा महिने लेथवर शिकाऊ म्हणून काम केलं’ ही नुसती माहिती. संकोच करायचा तर विशेषणांचा करावा, कामाचा कशाला?

दुसरा आक्षेप वशिल्याचा. ओळखीचा उपयोग होतो, हे मलाही मान्य आहे. पण ओळखीचा माणूस आधी काय म्हणतो? ‘तुझा बायोडेटा व्हॉट्सअ‍ॅपवर टाक.’ पुढे एका फोनवरून दुसऱ्या फोनवर जातो तो कागदच. तुमच्यासाठी शब्द टाकणाऱ्याला तुमच्याविषयी सांगण्यासारखं काही हवं असेल, तर तेही त्या कागदावरच असायला हवं.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी सारख्या पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या नावांनी खासगी कंपन्यांकडे पाठवले. २००७ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त त्याचे निष्कर्ष आले: दलित आणि मुस्लिम नावांच्या अर्जांना बोलावणं येण्याची शक्यता उच्चवर्णीय नावांपेक्षा कमी होती. मग रेझ्युमे घासूनपुसून काय उपयोग, असं कुणी चिडून विचारलं तर त्याचा राग रास्त आहे. हा अन्याय रेझ्युमेनं मिटणार नाही. तो कंपन्यांनाच निस्तरावा लागेल. नाव लपवायचं कारण नाही. पण खासगी नोकरीत कुणी विचारलेलं नसताना धर्म, जात आणि वडिलांचा व्यवसाय हे रकाने आपल्याच हातानं का भरून द्यायचे? सरकारी भरतीत प्रवर्गासाठी ठरावीक अर्ज असतो. खासगी नोकरीच्या रेझ्युमेत मात्र ती जागा कामाच्या हक्काची आहे.

चौथा आक्षेप नवा आहे: ‘छाननी आता संगणक करतो, जाहिरातीतले शब्द ठासून भरा, बाकी चॅटजीपीटी लिहील.’ मोठ्या कंपन्यांत सॉफ्टवेअर असतं, म्हणून मांडणी साधी ठेवावी आणि जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटात मजकूर पाठवू नये. पण छाननीनंतर समोर माणूस बसतो आणि विचारतो, ‘हे तुम्ही नेमकं कसं केलंत?’ उसन्या वाक्याला तिथं उत्तर सापडत नाही.

मग लिहायचं काय? गेल्या वर्षी तालुक्याच्या गावातली एक मुलगी माझ्याकडे रेझ्युमे घेऊन आली. बी.कॉम. झालेली, टॅली शिकलेली. ‘अनुभव’पुढे तिनं ‘नाही’ लिहिलं होतं. बोलता बोलता कळलं, आईच्या बचत गटाची वही तीन वर्षं तीच लिहिते. १२ बायका, महिन्याला प्रत्येकी २०० रुपये, अंतर्गत कर्जं, त्यांचं व्याज. ‘हिशेब कधी चुकला?’ मी विचारलं. ‘एकदा. १५० रुपयांचा. दोन रात्री वही घेऊन बसले, तेव्हा सापडलं. एका काकूंच्या कर्जाचा हप्ता दोनदा चढला होता.’

आम्ही ‘नाही’ खोडलं आणि लिहिलं: ‘१२ सदस्यांच्या बचत गटाचे तीन वर्षे हिशेबलेखन, बचत, अंतर्गत कर्ज व व्याजाच्या नोंदी, दरमहा बँक पासबुकाशी ताळमेळ.’ यात एकही शब्द फुगवलेला नव्हता. मुलाखतीत पहिलाच प्रश्न या ओळीवर आला. तिनं १५० रुपयांची हकिकत सांगितली, आणि पुढची मुलाखत त्या वहीवरच चालली.

रेझ्युमेची रीत यातच आली. काय केलं, किती केलं, कुणासाठी केलं, हे प्रत्येक ओळीत असावं. जाहिरातीतल्या कामाशी जुळणाऱ्या ओळी वर घ्याव्यात. नव्या उमेदवाराला एक पान पुरतं. आणि ज्या ओळीवर पाच मिनिटं बोलता येणार नाही, ती काढून टाकावी. खोटेपणा तिथंच गळून पडतो.

गावोगावची मुलं दूध संकलन केंद्रावर फॅटच्या नोंदी ठेवतात, घरच्या दुकानाचा गल्ला सांभाळतात, ट्रॅक्टरचं इंजिन खोलून पुन्हा बसवतात, आणि ‘अनुभव’पुढे ‘नाही’ लिहितात. घरात या कामाला कुणी काम म्हटलेलं नसतं, म्हणून तीही म्हणत नाहीत. ‘नाही’ लिहिण्याआधी त्यांनी एक संध्याकाळ बसावं आणि आपल्या हातून काय काय होतं, ते कागदावर उतरवावं.