जुन्या इंजिनाला कोणते पेट्रोल?

मुंबईत नोंदलेल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली आणि काळीपिवळी फियाट रस्त्यावरून गेली. वर्तमानपत्रांनी तिला साश्रू निरोप दिला. खाजगी मालकीच्या काही पद्मिनी अजून धावत आहेत, हे त्या हळहळीत विसरले गेले.

‘फियाट ११०० डिलाइट’ या नावाने १९६४ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडू लागलेल्या या मोटारीचे इंजिन चार सिलिंडरांचे, १०८९ घन सेंटिमीटरचे. बोअर ६८ मिलिमीटर, स्ट्रोक ७५. ओतीव लोखंडाच्या ब्लॉकवर ॲल्युमिनियमचे हेड. त्याची दुखणी ठरलेली असत. रेडिएटरमधील पाणी आटले की इंजिन तापे, हेड वाके आणि गॅस्केट जाई. पॉइंट जळले की गाडी झटके देई. मे महिन्यात घाट चढताना पंपातच पेट्रोलची वाफ होऊन ती उभी राही. पंपावर ओले फडके ठेवण्याचा उपाय त्या पिढीतील चालकांना पाठ होता. यांपैकी एकही दुखणे असाध्य नव्हते. पाने, फीलर गेज आणि पॉलिश पेपर एवढ्या सामग्रीवर नाक्यावरचा मिस्त्री ती बरी करी.

आजचे दुखणे इंधनातूनच येते. पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण आता वीस टक्क्यांवर गेले आहे. इथेनॉलमध्ये मूळचाच प्राणवायू असल्याने कार्ब्युरेटरच्या ठराविक जेटमधून येणारे इंधन हवेच्या मानाने अपुरे पडते. नव्या गाडीतील संगणक ही तूट भरून काढतो. कार्ब्युरेटरला ती बुद्धी नाही. शिवाय इथेनॉल पाणी शोषते, त्यामुळे आठवडेच्या आठवडे उभ्या राहणाऱ्या गाडीची टाकी आतून गंजते. पंपाचा डायफ्राम व नळ्या यांचे जुने रबर फुगते, चिरते. तापल्या इंजिनावर गळणारे पेट्रोल ही केवळ खर्चाची बाब नव्हे.

इथेनॉलला आमचा विरोध नाही. साखर कारखान्यांच्या महाराष्ट्रात तसा विरोध कोणी सहजी करणारही नाही. आणि तेलाच्या आयातीवरचा खर्च कमी व्हावा, हे योग्यच आहे. परंतु जुन्या वाहनांसाठी दहा टक्के इथेनॉलचे पेट्रोल उपलब्ध ठेवावे, असे नीती आयोगाच्या तज्ज्ञ समितीच्या २०२१ च्या आराखड्यातच सुचविले होते. वीस टक्क्यांचे २०३० साठीचे उद्दिष्ट अलीकडे ओढून २०२५ मध्ये गाठले गेले, त्या सूचनेच्या वाट्याला मात्र ही तत्परता आली नाही. पद्मिनी मूठभर राहिल्या आहेत, म्हणून हा चार हौशी लोकांचा प्रश्न मानता येणार नाही. २०२० पर्यंत विकल्या गेलेल्या असंख्य दुचाकीही कार्ब्युरेटरवरच चालतात आणि त्यांवर बसून शिक्षक शाळेत, कारकून कचेरीत जातो.

तेव्हा प्रत्येक तालुक्यात निदान एका पंपावर दहा टक्क्यांचे पेट्रोल मिळावे आणि इथेनॉलचे प्रमाण प्रत्येक पंपावर ठळक मराठीत लिहिलेले असावे, ही मागणी अवाजवी नाही. तोपर्यंत मालकाने इंधनाच्या सर्व रबरी नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या नव्या नळ्यांनी बदलून घ्याव्यात, आणि पेट्रोलचा वास आला तर आधी बॉनेट उघडून पाहावे. चावी मग फिरवावी.