अमेरिकेची जकात आणि आमचा कापूस

वर्गांत नकाशावर अमेरिका दाखवीत असतां एका कापूसवाल्याच्या पोरानें विचारलें, "गुरुजी, तिकडचा राजा आपल्या कापसावर काहून रागावला?" प्रश्न पोराचा असला तरी त्याचें उत्तर थोरांनींही ऐकण्यासारखें आहे.

आमच्या कापसाचा अमेरिकेशीं संबंध जुना आहे. सन १८६१ त अध्यक्ष लिंकन यांनीं बंडखोर दक्षिणेचीं बंदरें रोखलीं. तिकडचा कापूस विलायतेस जाईना, तेव्हां आमच्या शेजारच्या हिंगणघाटच्या कापसाचा भाव चढला. सन १८६५ त लढाई संपली आणि भाव कोसळला. त्याच लढाईनें तेथील गुलामांच्या बेड्या तुटल्या, म्हणून जोतीराव फुले यांनीं सन १८७३ त आपला 'गुलामगिरी' ग्रंथ अमेरिकेंतील सज्जनांस अर्पण केला. गुलाम सुटला हें उत्तमच झालें; पण भाव पडला तेव्हां आमच्या कुणब्यास विचारणारा कोणी नव्हता.

अमेरिकेंतील जुन्या मताच्या लोकांचा पक्ष रिपब्लिकन. परदेशी मालावर जकात असावी कीं नसावी, याविषयीं त्यांचें मत कधींच एक राहिलें नाहीं. मॅकिन्ले यांनीं सन १८९० त जकात वाढविली. अध्यक्ष हूवर यांनीं सन १९३० त, हजारांवर अर्थशास्त्र्यांनीं विनविलें असतांही, ती आणखी चढविली. इतर देशांनीं उलट जकाती बसविल्या. अध्यक्ष रेगन यांनीं सन १९८७ त अशा भिंती अखेर आपल्याच मजुरास बाधतात असें सांगितलें. पण त्याच महिन्यांत जपानच्या कांहीं मालावर जकातही बसविली! अध्यक्ष ट्रम्प यांनीं ऑगस्ट २०२५ मध्यें हिंदुस्थानच्या पुष्कळ मालावर आधीं शेंकडा २५, आणि रशियाचें तेल घेतों म्हणून आणखी शेंकडा २५ जकात लादली.

याच ट्रम्प यांच्या विजयासाठीं सन २०१६ त दिल्लीस कांहीं मंडळींनीं होमहवन केलें होतें. धूर दिल्लीस निघाला, डोळे मात्र वरोरा-कोरपन्यास चोळावे लागले. कसे, तें पाहा.

जकातीची झळ आमच्या कापड-कारखान्यांस लागली. त्यांस कापूस स्वस्त मिळावा म्हणून आमच्या सरकारनें परदेशी कापसावरील शेंकडा ११ आयात-जकात १९ ऑगस्टपासून माफ केली. आधीं ३० सप्टेंबरपर्यंत, मग ३१ डिसेंबरपर्यंत. म्हणजे आमची वेचणी होऊन माल बाजारांत येण्याचा ऐन हंगाम! लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये ठरला होता खरा. पण ओलावा शेंकडा १२ हून अधिक भरला तर हमीभावाची खरेदी होत नाहीं. ज्याच्या दारीं देणेकरी उभा, तो कापूस वाळवीत किती दिवस बसणार? तो व्यापारी देईल त्या भावास विकतो.

अमेरिकेचा अध्यक्ष आपल्या लोकांचें हित पाहतो. त्याला शिव्या देऊन किंवा ओवाळून कांहीं साधणार नाहीं. आमचें हित कोण पाहतो, हा खरा प्रश्न आहे. कारखान्यास मदत अवश्य द्यावी. तेथील मजूरही आमचेच भाऊ आहेत. पण ती सरकारी तिजोरींतून द्यावी, शेतकऱ्याच्या ओट्यांतून नव्हे.

म्हणून शेतकरी बंधूंनो, ग्रामसभेंत ठराव करा: वेचणीच्या हंगामांत आयात-जकात माफ होऊं नये, आणि खरेदी-केंद्रें दिवाळीपूर्वीं उघडावींत. ठरावाची नक्कल आमदार-खासदारांस द्या व पोंच घ्या. ब्रह्मपुरी-आरमोरीच्या धानवाल्या बंधूंनींही स्वस्थ बसूं नये. आज पाळी कापसाची आहे, उद्यां धानाची येईल.