तक्क्या पाडू नका, उभा करा

पूर्वीच्या महारवाड्यात तक्क्या नावाची एक वास्तू असे. कोठे कोठे तिला आमची चावडी म्हणत. मातीच्या भिंती, वर कौले, पुढे ओटा, एवढाच तिचा थाट. परगावचा पाहुणा तेथे उतरे, वस्तीची पंचायत तेथे बसे, गावकीच्या कामाच्या पाळ्या तेथे ठरत. आणि ‘जनता’चा अंक आला म्हणजे ज्याला अक्षर येई त्याने वाचावे व बाकीच्यांनी ऐकावे, ही आमची शाळाही त्याच ओट्यावर भरे.

गावची चावडी सर्वांची म्हणवली जाई. तिचे अंगण आम्ही झाडावे, तिची राखण आम्ही करावी, आणि काम पडले म्हणजे पायरीखाली उभे राहावे! 4 ऑगस्ट 1923 रोजी सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात संमत झाला. सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा, कचेऱ्या अस्पृश्यांस खुल्या असाव्यात, असे त्यात म्हटले होते. कागद खुला झाला, पायरी खुली झाली नाही. म्हणूनच 1927 साली महाडास जावे लागले. त्या काळात ज्या एका छपराखाली आम्ही ताठ मानेने बसू शकत होतो, ते छप्पर आमच्याच आज्या-पणज्यांनी शाकारलेले होते.

आज आपल्यातीलच काही शहाणे म्हणतात की तक्क्या ही गुलामगिरीची खूण आहे. ती पाडावी आणि सरकारी निधीतून नवे समाजमंदिर आणावे. त्यांस आमचा सवाल आहे: गुलामगिरी भिंतीत होती की वतनात? वतन तर 1958 च्या कायद्याने गेले. देहूरोडच्या विहारात बाबासाहेबांनी 25 डिसेंबर 1954 रोजी बुद्धमूर्ती बसविली, 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरास धम्मदीक्षा झाली, आणि त्यानंतर गावोगावच्या लोकांनी जुने देव बाहेर काढून त्याच छपराखाली बुद्धवंदना म्हटली. वास्तू तीच राहिली, माणूस बदलला. ही का लाजेची गोष्ट?

सरकारी निधी घेऊ नये असे आम्ही मुळीच म्हणत नाही. तो आमच्या करांचा पैसा आहे, भीक नव्हे. परंतु निधीबरोबर ठेकेदार येतो, पुढाऱ्याच्या नावाची फरशी येते, आणि किल्ली भलत्याच घरी जाते. मग वंदनेसाठी दार उघडून घ्यायला कोणाच्या तरी ओसरीवर ताटकळावे लागते. पायरी बदलली, उभे राहणे तेच!

कागद दुसऱ्याच्या हाती गेला म्हणजे काय होते, हे मुंबईने पाहिले आहे. दादर येथे बाबासाहेबांनी समाजासाठी मिळविलेल्या जागेवरील आंबेडकर भवन आणि बुद्धभूषण छापखाना 25 जून 2016 च्या पहाटे जमीनदोस्त करण्यात आले. पाडणारे परके नव्हते. न्यासाच्या विश्वस्तांनीच ते पाडविले. इमारत धोकादायक झाली होती, हे त्यांचे समर्थन. 19 जुलै 2016 रोजी हजारो लोक मोर्चाने रस्त्यावर उतरले, पण तोवर भिंती पडून गेल्या होत्या. राजधानीत हे घडते, तर खेड्यातील चार खणांच्या घराची कथा काय?

म्हणून प्रथम ग्रामपंचायतीत जाऊन नमुना 8 चा उतारा काढावा आणि वास्तू कोणाच्या नावे आहे ते पाहावे. समाजाचा न्यास नसेल तर धर्मादाय आयुक्तांकडे नोंदवावा. नोंदलेल्या न्यासाची स्थावर मिळकत आयुक्तांच्या परवानगीवाचून विकता येत नाही. विश्वस्तांत स्त्रिया असाव्यात, शोभेपुरत्या नव्हे. भिंती लिंपणारे हात त्यांचे होते, तेव्हा हिशेबाची वहीही त्यांच्या हाती असावी.

दुरुस्तीत ठेकेदार सिमेंटचा गिलावा सुचवील. मातीच्या भिंतीस तो मानवत नाही. आतली ओल आतच कोंडते आणि भिंत पोकळ होते. माती, भुसा, चुना यांचे काम जाणणारी म्हातारी माणसे वस्तीत आहेत तोवर त्यांना विचारून घ्यावे. घरटी वर्गणी व घरटी एक दिवसाचे श्रम एवढे ठरले तर पुष्कळ काम उरकेल. जेथे आढे शाबूत आहे तेथे कौले शाकारण्याचे काम वैशाखी पौर्णिमेच्या आतच हाती घ्यावे. मृग लागल्यावर मातीची भिंत कोणासाठी थांबत नाही.