अनियमित नाडी आणि हृदयातील छोटी पिशवी

मागील अंकातील रक्तदाबावरील लेख वाचून एका भगिनींनी पत्र पाठविले आहे. त्यांचे सासरे 71 वर्षांचे असून आजही रोज पेढीवर बसतात. त्यांची नाडी अनियमित असल्याचे तपासणीत आढळले. डॉक्टरांनी ‘एट्रियल फिब्रिलेशन’ असे निदान करून रक्त पातळ करणारी गोळी सुरू केली. सासऱ्यांचे म्हणणे असे की, छातीत दुखत नाही, धाप लागत नाही, मग गोळी कशासाठी? शिवाय पर्युषणात अठाई करण्याचा त्यांचा संकल्प आहे. ‘आठ दिवस गोळी बंद ठेवली तर चालेल का?’ असा भगिनींचा प्रश्न आहे. मी वैद्यक शिकलेला नाही. बँकेत हिशेब तपासण्यात आयुष्य गेले. तरीही या विषयावर जाणकारांकडून जे समजून घेतले आणि जे वाचले, ते येथे क्रमाने मांडतो.

आपले हृदय साधारण मुठीएवढे असते. त्यात चार कप्पे असतात. वरच्या दोन कप्प्यांना अलिंद म्हणतात व खालच्या दोघांना निलय. जुन्या पाठ्यपुस्तकांत अलिंदाला ‘कर्णिका’ म्हणत असत, हे अनेकांना आठवत असेल. शरीरातून आलेले अशुद्ध रक्त उजव्या अलिंदात येते, तेथून उजव्या निलयात उतरते आणि फुप्फुसांकडे जाते. फुप्फुसांत शुद्ध झालेले रक्त डाव्या अलिंदात परतते, झडपेतून डाव्या निलयात उतरते आणि महाधमनीतून सर्व शरीराला पुरविले जाते. विश्रांतीच्या वेळीही हृदय मिनिटाला सुमारे पाच लिटर रक्त पुढे ढकलते आणि दिवसाकाठी सुमारे एक लाख ठोके देते.

या ठोक्यांची आज्ञा उजव्या अलिंदाच्या वरच्या भागातील एका लहानशा पेशीपुंजातून सुटते. 1907 मध्ये आर्थर कीथ आणि मार्टिन फ्लॅक या ब्रिटिश संशोधकांनी तो प्रथम दाखवून दिला. तेथून निघालेली विद्युत लहर दोन्ही अलिंदांवर पसरते. दोन्ही अलिंदे एकदम आकुंचन पावून रक्त खाली ढकलतात आणि क्षणभराने निलये आकुंचन पावतात. हा क्रम अखंड चालला की नाडी घड्याळासारखी नियमित लागते.

एट्रियल फिब्रिलेशनमध्ये हा क्रम मोडतो. अलिंदांत एका आज्ञेऐवजी अनेक विस्कळीत लहरी फिरू लागतात. त्यांची गती मिनिटाला 350 ते 600 इतकी असू शकते. एवढ्या गतीने अलिंदाचा स्नायू नीट आकुंचन पावू शकत नाही. तो केवळ थरथरत राहतो. अलिंद आणि निलय यांच्यामधील केंद्र यांतील बऱ्याच लहरी अडवून धरते, म्हणून निलये काम करीत राहतात. परंतु त्यांचे ठोके केव्हा जवळ, केव्हा लांब पडतात. मनगटावर जाणवणारी अनियमितता ती हीच. निलये रक्त पुढे पाठवीत असल्यामुळे रुग्ण हिंडतो, फिरतो, व्यवहार पाहतो. अनेकांना काहीच त्रास जाणवत नाही आणि त्यामुळेच हा विकार दुर्लक्षिला जातो.

आता मूळ धोक्याकडे येऊ. डाव्या अलिंदाला लागून कानाच्या पाळीसारखी एक छोटी पिशवी असते. तिचे तोंड अरुंद आणि आतील भिंत खाचाखोचांची असते. अलिंद नीट आकुंचन पावत असता त्या पिशवीतील रक्तही प्रत्येक ठोक्यासरशी बाहेर फेकले जाते. अलिंद थरथरू लागले की पिशवीतील रक्त संथ होते. कोपऱ्यात पडून राहिलेल्या मालाला बुरशी धरावी, तसे साचलेले रक्त गोठू लागते आणि त्याची गुठळी बनते. हृदयाच्या झडपा निरोगी असलेल्या रुग्णांत डाव्या अलिंदातील गुठळ्यांपैकी सुमारे 90 टक्के याच पिशवीत आढळल्या आहेत.

ही गुठळी तेथेच राहिली तर कदाचित काही होणार नाही. पण ती सुटली तर तिचा मार्ग ठरलेला असतो: डावे अलिंद, झडप, डावे निलय आणि महाधमनी. महाधमनीच्या कमानीपासूनच मेंदूकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या निघतात. हृदयातून निघालेल्या रक्ताचा सुमारे सातवा हिस्सा एकट्या मेंदूकडे जातो. गुठळी त्या प्रवाहात सापडली की मेंदूतील वाहिनी बंद होते आणि पक्षाघात होतो. या विकाराच्या रुग्णांत पक्षाघाताचा धोका इतरांच्या सुमारे पाचपट असतो. तेव्हा छातीत दुखत नाही म्हणून गोळी नको, हा युक्तिवाद टिकत नाही. गोळी छातीच्या दुखण्यासाठी दिलेलीच नाही. ती त्या पिशवीतील गुठळीसाठी आहे.

गोळी कोणाला द्यावी, याचा हिशेब डॉक्टर गुण मांडून करतात. वय 65 ते 74 असल्यास 1 गुण, 75 किंवा अधिक असल्यास 2. उच्च रक्तदाब, मधुमेह, हृदयाची दुर्बलता आणि रक्तवाहिन्यांचा विकार यांना प्रत्येकी 1. पूर्वी पक्षाघात झाला असल्यास 2. बेरीज 2 किंवा अधिक झाली की गोठणरोधक औषध घ्यावे, असा सर्वसाधारण संकेत आहे. म्हणजे रक्तदाब व मधुमेह असलेल्या 71 वर्षांच्या गृहस्थांची बेरीज 3 होते. ज्यांची झडप संधिवाताच्या तापामुळे अरुंद झाली आहे किंवा ज्यांना धातूची कृत्रिम झडप बसविली आहे, त्यांना गुण न मोजताच औषध लागते.

काही घरांत ‘आम्ही रोज ॲस्पिरिन घेतो, तेवढे पुरे’ असे म्हटले जाते. या विकारात ॲस्पिरिनचे संरक्षण फार तोकडे ठरले आहे. वॉरफॅरिनसारख्या औषधाने मात्र पक्षाघाताचा धोका सुमारे दोन तृतीयांशाने कमी होतो. या औषधाचा इतिहासही मनोरंजक आहे. 1920 च्या दशकात उत्तर अमेरिकेत बुरशी आलेला चारा खाऊन गुरे रक्तस्रावाने मरू लागली. विस्कॉन्सिन विद्यापीठातील कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेने त्या चाऱ्यातील द्रव्य शोधून काढले. त्यावरून पुढे वॉरफॅरिन तयार झाले. ते प्रथम उंदरांचे विष म्हणून विकले गेले आणि नंतर मनुष्याचे औषध ठरले. मात्रेचा विवेक किती महत्त्वाचा, हे यावरून लक्षात यावे.

‘रक्त पातळ करणारी गोळी’ हा शब्दप्रयोगही फसवा आहे. गोळीने रक्त पाण्यासारखे होत नाही. ते गोठण्याची क्रिया मंदावते. म्हणून या औषधाबरोबर रक्तस्रावाचा धोका येतो, तो नाकारता येत नाही. काळी शौचास होणे, लघवीतून रक्त जाणे, डोक्याला मार लागणे, यांपैकी काही घडल्यास त्वरित डॉक्टरांकडे जावे. अंगदुखीची वेदनाशामके दुकानातून परस्पर आणून घेऊ नयेत. दात काढण्यापूर्वी गोळीविषयी सांगावे, पण आपल्या मनाने ती बंद करू नये.

आता आपल्या घरांना विशेष लागू पडणाऱ्या तीन गोष्टी. पहिली, वॉरफॅरिन किंवा ॲसिनोकुमारॉल घेणाऱ्यांची. या औषधांचा परिणाम हिरव्या पालेभाज्यांतील के जीवनसत्त्वाने कमी होतो. चातुर्मासात किंवा तिथीला आपण हिरवी भाजी वर्ज्य करतो. रोजची पालक-मेथी अचानक बंद झाली की औषधाचा प्रभाव वाढतो आणि पुन्हा सुरू झाली की घटतो. भाजी खाणे वा न खाणे हा प्रश्न नाही. बदल होणार असेल तर डॉक्टरांना आधी सांगून आयएनआर तपासणी करून घ्यावी. तो आकडा बहुधा 2 ते 3 या दरम्यान ठेवतात.

दुसरी, नव्या गोळ्यांची. रिव्हारॉक्साबॅनच्या या विकारासाठी दिल्या जाणाऱ्या मात्रा अन्नासोबत घ्याव्या लागतात. रिकाम्या पोटी ती पूर्ण शोषली जात नाही. सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्यांनी ती त्या जेवणाबरोबरच घ्यावी, रात्रीवर ठेवू नये. ॲपिक्साबॅनला अन्नाचे बंधन नाही, परंतु ती दिवसातून दोनदा घ्यावी लागते. रात्री पाणी न घेणाऱ्यांनी तिच्या वेळा डॉक्टरांकडून ठरवून घ्याव्यात.

तिसरी, भगिनींच्या प्रश्नाची. आठ दिवस गोळी बंद ठेवणे चालणार नाही. नव्या गोळ्यांचा प्रभाव साधारण एका दिवसात ओसरतो, म्हणजे उरलेले दिवस गुठळीला मोकळीक मिळते. निर्जळी उपवासात शरीरातील पाणी घटते, त्याचा भार मूत्रपिंडांवर पडतो आणि औषधाचा निचराही मूत्रपिंडांवर अवलंबून असतो. तेव्हा संकल्प सोडण्यापूर्वी किंवा गोळी सोडण्यापूर्वी महिनाभर आधी डॉक्टरांना भेटावे. कोणते औषध, कोणत्या वेळी, किती पाण्यासह, हे त्यांनी ठरवावे. पच्चक्खाणात औषधाची मोकळीक कशी ठेवावी, हे गुरुमहाराजांना विचारावे. दोघांनाही पूर्ण माहिती द्यावी, एकापासून दुसरी गोष्ट लपवू नये.

विम्याचा हप्ता थकला की पॉलिसीचे संरक्षण जाते, हे व्यापाऱ्याला सांगावे लागत नाही. दहा वर्षे दावा करावा लागला नाही म्हणून हप्ते वाया गेले, असेही कोणी म्हणत नाही. या गोळीकडे त्याच दृष्टीने पाहावे.

शेवटी एक साधे काम. घरातील 65 वर्षांवरील प्रत्येकाची नाडी महिन्यातून एकदा मनगटावर दोन बोटे ठेवून पूर्ण एक मिनिट मोजावी. ठोक्यांत कोणताच क्रम लागत नसेल तर ईसीजी काढून घ्यावा. आणि चेहरा एका बाजूला ओघळला, एक हात उचलता येईना किंवा बोलणे अडखळले, तर घरगुती उपायांत वेळ घालवू नये. गुठळी विरघळविणारे इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते. सीटी स्कॅनची सोय असलेले जवळचे रुग्णालय कोणते, ते आजच वहीत लिहून ठेवावे.